केंब्रिजच्या शांत वस्त्यांतून

मराठी माणूस रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचे नाव घेतो तेव्हा त्याआधी ‘रँग्लर’ हा शब्द आपोआप येतो. लहानपणी मला तो त्यांच्या नावाचाच एक भाग वाटत असे. केंब्रिज विद्यापीठाच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्यांना रँग्लर म्हणतात, त्यांतला पहिला तो सिनिअर रँग्लर, आणि १८९९ साली हा मान परांजपे यांना दुसऱ्या एका विद्यार्थ्याबरोबर विभागून मिळाला, हे पुष्कळ उशिरा कळले. तेव्हापासून ते गाव पाहायचे मनात होते. पहिल्या भेटीत मी सगळे जातात तिथेच गेले, म्हणजे किंग्ज कॉलेजचे चॅपेल, सेनेट हाउस, ट्रिनिटीचा दरवाजा आणि नदीतल्या होड्या. ते सारे सुंदर आहे, पण तिथे माणूस इतरांच्या खांद्यांवरून पाहत पुढे सरकत राहतो आणि गाव मनात उतरत नाही. म्हणून दुसऱ्या खेपेला मी मध्यवर्ती भाग जाणीवपूर्वक वगळून, शहराच्या कडेच्या वस्त्यांतून नेणाऱ्या दोन पदयात्रा निवडल्या. आम्ही जेमतेम सात-आठ जण होतो, आणि आमच्या मार्गदर्शक बाई त्याच गावात वाढलेल्या होत्या.

पहिली पदयात्रा मॉडलिन पुलापासून निघाली. या गावाचे नावच पुलावरून पडलेले आहे, आणि नदी ओलांडायची जुनी जागा ती हीच. मार्गदर्शक बाईंनी पुलावर उभे राहून उजव्या हाताला जाणारा चेस्टर्टन रस्ता दाखवला. १९१४ च्या एप्रिलमध्ये रामानुजन केंब्रिजला आले तेव्हा ट्रिनिटीत राहायला जाण्यापूर्वीचे पहिले काही आठवडे ते या रस्त्यावर, ट्रिनिटीचे तरुण गणितज्ञ नेव्हिल यांच्या घरी राहिले होते. रँग्लरांची नावे गुणानुक्रमे जाहीर करण्याची पद्धत त्याआधी काही वर्षे, १९०९ च्या निकालानंतर बंद झाली होती. ज्या माणसाच्या गणिताला परीक्षेचे कोणतेच माप पुरे पडले नसते, तो ते माप मोडल्यानंतर इथे आला, याचे मला फार बरे वाटले.

पुलापलीकडे रस्ता चढाला लागतो. केंब्रिजसारख्या सपाट प्रदेशात या चढालाही टेकडी म्हणतात, आणि तिच्या माथ्यावर नॉर्मंडीहून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यम राजाने १०६८ साली बांधवलेल्या किल्ल्याचा केवळ मातीचा उंचवटा उरला आहे. किल्ल्याचे दगड पुढे कॉलेजांच्या बांधकामासाठी नेले गेले. उंचवट्यावरून खाली पाहताना ही गोष्ट नीट समजते. समोर जे मनोरे आणि छपरे दिसतात, त्यांतल्या काहींत आपल्या पायाखालच्या गढीचा दगड आहे. गावाने दिले आणि विद्यापीठाने घेतले, असा हा हिशेब पुढच्या दोन्ही दिवसांत पुनःपुन्हा समोर येत राहिला.

उंचवट्याच्या थोडे खाली, झाडांच्या आड, सेंट पीटर्स नावाचे इतके छोटे चर्च आहे की आम्ही आठ जण आत शिरलो तेव्हा ते निम्मे भरल्यासारखे वाटले. आतले बाप्तिस्म्याचे दगडी पात्र नॉर्मन काळातले आहे आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर आपल्या दुहेरी शेपट्या दोन हातांत धरलेले जलपुरुष कोरलेले आहेत. शतकानुशतके हात फिरून त्यांचे चेहरे झिजले आहेत. आम्ही तिथे असेपर्यंत दुसरे कोणीही आले नाही.

या चर्चला लागूनच केटल्स यार्ड आहे. जिम ईड या कलासंग्राहकाने १९५० च्या दशकात इथली चार मोडकळीला आलेली लहान घरे एकत्र जोडून आपले घर केले आणि त्यात चित्रे, शिल्पे, नदीतले गोटे, काचेची भांडी आणि जुने लाकडी फर्निचर अशा रीतीने मांडले की कोणती वस्तू मौल्यवान आणि कोणती वाटेत सापडलेली, हा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनातूनच निघून जावा. दुपारी घराचे दार विद्यार्थ्यांसाठी उघडे असे, आणि त्यांना चित्रे आपल्या खोलीत लावण्यासाठी उसनीही मिळत. १९६६ साली त्यांनी हे घर विद्यापीठाला देऊन टाकले, तरी १९७३ पर्यंत ते तिथेच राहिले. आजही पाहुण्यांना तिथल्या खुर्च्यांवर बसता येते. स्पॅनिश चित्रकार मिरोच्या एका चित्रात पिवळा ठिपका आहे, आणि त्याच्या जवळ जस्ताळ रंगाच्या ताटलीत एक ताजे लिंबू ठेवलेले असते. ते सुकले की बदलतात. मी त्या खोलीत बराच वेळ बसले, आणि मार्गदर्शक बाईंनी मला घाई केली नाही. चांगल्या मार्गदर्शकाची पारख मी तेव्हापासून यावरच करते, की कुठे बोलणे थांबवायचे हे त्याला कळते की नाही.

तिथून हंटिंग्डन रस्त्याने वर गेले की विसाव्या शतकातली कॉलेजे लागतात. पर्यटक इथवर सहसा येत नाहीत, कारण इथे सुळके असलेली चॅपेले नाहीत. मला मात्र पहिल्या दिवसाचे हृदय इथेच सापडले. डावीकडचे मरे एडवर्ड्स कॉलेज १९५४ साली फक्त स्त्रियांसाठी स्थापन झाले आणि डार्विन कुटुंबाने दिलेल्या जमिनीवर उभे राहिले. त्याच्या शेजारी फिट्झविल्यम कॉलेज आहे. त्याच्या आवारात एक जुने घर आहे, ज्यात चार्ल्स डार्विन यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या पत्नी एमा हिवाळ्यात येऊन राहत असत. पण भारतीयांनी इथे थांबण्याचे कारण वेगळे आहे.

ज्यांना कॉलेजात राहण्याचा खर्च झेपत नाही, अशा विद्यार्थ्यांना कोणत्याही कॉलेजचे सदस्य न होता विद्यापीठात शिकता यावे म्हणून १८६९ साली एक व्यवस्था सुरू झाली. हे विद्यार्थी गावात भाड्याच्या खोल्यांत राहत आणि त्यांच्यासाठी फिट्झविल्यम संग्रहालयासमोर एक घर होते. त्या घरावरून संस्थेला फिट्झविल्यम हे नाव पडले. पुढे १९६० च्या दशकात ती या टेकडीवर आली आणि १९६६ साली तिला पूर्ण कॉलेजचा दर्जा मिळाला. सुभाषचंद्र बोस या संस्थेत शिकले. जयंत नारळीकरही १९५७ साली इथूनच गणिताच्या अभ्यासाला लागले, खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचे शिष्य झाले आणि पुढे हॉइल यांनी याच शहराच्या पश्चिम कडेला काढलेल्या सैद्धांतिक खगोलशास्त्राच्या संस्थेत सुरुवातीपासून काम करू लागले. नारळीकरांचे नाव घेताना आपल्याला केंब्रिजचा भव्य दरवाजा दिसतो. प्रत्यक्षात ते ज्या दारातून आत गेले ते दार मुळात बाहेर राहिलेल्यांसाठी केलेले होते. मार्गदर्शक बाईंना नारळीकरांचे नाव ठाऊक होते आणि त्यांनी ते जवळजवळ बरोबर उच्चारले, याचा मला मनापासून आनंद झाला.

थोडे पुढे, हंटिंग्डन रस्त्यावरून आत वळणाऱ्या एका अरुंद बोळाच्या टोकाला असेन्शन पॅरिश हे दफनस्थान आहे. १८६९ साली सुरू झालेली ही जागा फार मोठी नाही, गवत मुद्दाम वाढू दिलेले असते, आणि जुन्या छोट्या चॅपेलात दगडावर अक्षरे कोरणाऱ्या कारागिराची कार्यशाळा आहे. तत्त्वज्ञ विट्गेन्श्टाइन यांची कबर म्हणजे जमिनीशी समतल अशी एक साधी फरशी असून तिच्यावर नाव आणि १८८९–१९५१ एवढेच लिहिले आहे. लोक तिच्यावर नाणी, गोटे, पाइनची फळे ठेवून जातात, आणि क्वचित काड्यांची छोटी शिडीही, कारण चढून गेल्यावर शिडी टाकून द्यावी असे त्यांनी लिहिले होते. ज्या घरात त्यांचा मृत्यू झाला ते त्यांच्या डॉक्टरांचे घर जवळच स्टोरीज वे या रस्त्यावर आहे, म्हणजे शेवटचे घर आणि शेवटची जागा यांत चालत काही मिनिटांचेच अंतर.

मला इथे रँग्लर शोधायचे होते आणि ते सापडले. जॉन काउच अॅडम्स हे १८४३ चे सिनिअर रँग्लर. युरेनसच्या चालीतल्या अनियमिततेवरून त्याच्यापलीकडच्या ग्रहाचे स्थान त्यांनी १८४५ मध्येच गणिताने काढले होते, पण १८४६ साली नेपच्यून प्रत्यक्ष दिसला तो बर्लिनमध्ये, फ्रान्सच्या ल व्हेरिए यांच्या गणिताच्या आधारे. त्यांच्यापासून थोड्या अंतरावर खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन आहेत, १९०४ चे सिनिअर रँग्लर. त्यांची रक्षा त्यांच्या आईच्याच कबरीत ठेवली आहे. १९३५ च्या जानेवारीत लंडनच्या सभेत तरुण भारतीय शास्त्रज्ञ सुब्रह्मण्यम चंद्रशेखर यांचे ताऱ्यांच्या अंताविषयीचे गणित याच एडिंग्टन यांनी सर्वांसमक्ष मोडीत काढले होते. चंद्रशेखर बरोबर होते आणि त्यांना १९८३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तरीही त्यांनी एडिंग्टन यांच्याविषयी आयुष्यभर आदरानेच बोलणे पसंत केले, आणि त्या कबरीसमोर उभी असताना माझ्याही मनात राग उरला नाही. आई, मुलगा आणि वर चढलेली वेल, एवढेच तिथे दिसते.

स्टोरीज वे उतरून आम्ही ग्रेंज रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना मोठी विटांची घरे, दाट कुंपणे आणि सायकलींखेरीज जवळजवळ काही आवाज नाही. ही वस्ती अशी का झाली, याचे कारण मला सर्वांत रोचक वाटले. कॉलेजांच्या फेलोंना, म्हणजे तिथल्या अध्यापक-सभासदांना, शतकानुशतके लग्न करण्याची मुभा नव्हती. लग्न केले की फेलोपद सोडावे लागे. १८८२ च्या नव्या नियमांनी ही अट उठली, आणि संसार थाटायला घरे हवी झाली. कॉलेजांनी नदीपलीकडच्या आपल्या शेतजमिनी भाडेपट्ट्याने दिल्या आणि तिथे ही घरे उभी राहिली. म्हणजे आज ज्या शांततेसाठी आपण इथे येतो, ती एका नियमाच्या बदलातून निघालेल्या संसारांची शांतता आहे.

ग्रेंज रस्त्याच्या दक्षिणेकडे न्यूनम कॉलेज लागते. बॅझिल चँप्नीज या वास्तुविशारदाने लाल विटा, पांढऱ्या चौकटीच्या खिडक्या आणि वक्र माथ्यांनी घडवलेल्या या इमारती एका विस्तीर्ण बागेभोवती पसरल्या आहेत, आणि कॉलेजांची दगडी जरब इथे कुठेच नाही. १८७१ साली पाच विद्यार्थिनींना राहण्यासाठी घेतलेल्या एका भाड्याच्या घरातून हे कॉलेज वाढले. १८९० साली इथल्या फिलिपा फॉसेट हिने गणिताच्या ट्रायपॉसमध्ये सगळ्या मुलांपेक्षा जास्त गुण मिळवले. स्त्रियांची यादी वेगळी वाचली जाई, त्यामुळे सेनेट हाउसमध्ये तिचे स्थान ‘सिनिअर रँग्लरच्या वर’ असे घोषित झाले. पण सिनिअर रँग्लर हा किताब तिला मिळाला नाही, आणि पदवीही नाही.

१८९७ साली स्त्रियांना पदव्या देण्याचा प्रस्ताव आला तेव्हा विरोधकांनी सेनेट हाउससमोर सायकलवर बसलेल्या स्त्रीचा पुतळा टांगला, आणि प्रस्ताव मोठ्या बहुमताने पडला. परांजपे त्या वेळी सेंट जॉन्स कॉलेजात शिकत होते. १९२१ साली प्रस्ताव पुन्हा फेटाळला गेल्यावर विद्यार्थ्यांच्या जमावाने येऊन न्यूनमच्या ब्राँझच्या फाटकाची मोडतोड केली. ते फाटक आजही आहे. स्त्रियांना केंब्रिजची पूर्ण पदवी १९४८ साली मिळाली, म्हणजे फिलिपा फॉसेटनंतर ५८ वर्षांनी. फाटकाच्या गजांवर हात ठेवताना मला असे वाटले की लहानपणापासून अभिमानाने उच्चारलेल्या त्या एका शब्दाची दुसरी बाजू आज कळते आहे. परांजपे यांच्याविषयीचा अभिमान तसूभरही कमी झाला नाही, पण त्यांच्या नावाशेजारी आता हेही नाव माझ्या मनात कायमचे राहील.

पदयात्रा न्यूनमच्या जुन्या गिरणीच्या तळ्याजवळ संपली. तिथून पुढे नदीकाठी पॅरडाइज नावाचे विलोच्या झाडांनी भरलेले दलदलीचे रान आहे. तिथे मी एकटीच फिरून आले. पावसाळी दिवसांत चिखल फार असतो, तेव्हा बूट जाडच हवेत.

दुसऱ्या दिवशी आम्ही अगदी विरुद्ध बाजूला, रेल्वे स्थानकापाशी भेटलो. रेल्वे इथे १८४५ साली आली, पण स्थानक गावाच्या मध्यापासून मैलभर दूर आहे. विद्यार्थ्यांना लंडनचा मोह सोपा होऊ नये अशी विद्यापीठाची इच्छा होती. स्थानकात शिरून विद्यार्थ्यांची चौकशी करण्याचा अधिकार विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांना कायद्यानेच दिलेला होता. विद्यापीठाने दूर ठेवलेल्या या स्थानकाभोवतीच मग दुसरे केंब्रिज उभे राहिले, इंजिनवाल्यांचे, गार्डांचे, विटा भाजणाऱ्यांचे, आणि मिल रोड हा त्याचा कणा झाला.

मिल रोडवर दुकाने पुष्कळ आहेत आणि तो शांत मुळीच नाही. शांतता त्याच्या दोन्ही बाजूंच्या गल्ल्यांत आहे. १८३८ साली बांधलेले गरिबांचे आश्रमगृह, जिथे कामाच्या मोबदल्यात अन्न मिळे, पुढे प्रसूतिगृह झाले आणि आता तिथे वृद्धांची घरे आहेत. त्याच रस्त्यावरून एका दाट झाडीच्या वाटेने गेले की मिल रोडचे दफनस्थान लागते. पूर्वी इथे विद्यापीठाचे क्रिकेटचे मैदान होते. १८४८ पासून गावातल्या अनेक पॅरिशांनी, म्हणजे चर्चच्या वस्त्यांनी, आपापले मृत इथे आणले. असेन्शनला नावे ओळखीची होती. इथे शिंपी, कॉलेजचे स्वयंपाकी, आचाऱ्यांच्या विधवा, लहान मुले. मार्गदर्शक बाई इथे हळू आवाजात, पण सर्वांत जास्त बोलल्या.

रेल्वेचा पूल ओलांडला की रॉम्सी टाउन. एकसारख्या बुटक्या घरांच्या रांगा, दारे थेट फुटपाथवर उघडणारी. १९२६ च्या सार्वत्रिक संपाच्या काळात इथल्या रेल्वे कामगारांच्या एकजुटीमुळे या भागाला ‘लिटल रशिया’ म्हणत. याच भागात २०१९ साली उघडलेली नवी मशीद आहे. तिच्या आतले लाकडी खांब झाडांसारखे वर जाऊन फांद्यांनी एकमेकांत गुंतलेले आहेत, आणि प्रवेशाआधी एक लहानशी बाग सर्वांसाठी मोकळी आहे. बागेत बसून आम्ही पाय मोकळे केले.

परत पुलाअलीकडे येऊन आम्ही ग्विडर रस्त्यावरच्या १८६ क्रमांकाच्या घरापाशी थांबलो. बाहेरून ते शेजारच्या घरांसारखेच आहे. डेव्हिड पार नावाच्या रंगकाम करणाऱ्या कारागिराने ते १८८६ साली विकत घेतले. तो केंब्रिजच्या लीच या सजावटकार पेढीत नोकरीला होता. ही पेढी नक्षीकार विल्यम मॉरिस आणि वास्तुविशारद बॉडली यांच्या आराखड्यांनुसार चर्चे आणि कॉलेजे रंगवत असे, म्हणजे परगावचा पाहुणा ज्या छतांकडे मान वर करून पाहतो त्यांतली काही पार आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या हातची. दिवसभर ते काम करून तो संध्याकाळी घरी येई आणि दिव्याच्या उजेडात स्वतःच्या दोन-तीन खोल्यांच्या भिंती त्याच वेली, तीच फुले, तेच नक्षीदार पट्टे यांनी रंगवत बसे. १९२७ साली त्याचा मृत्यू होईपर्यंत, चाळीस वर्षे, हे चालले होते. कोणते काम केव्हा केले आणि त्याला किती खर्च आला, हे तो एका वहीत टिपून ठेवी.

आत एका वेळी फार थोड्यांना सोडतात आणि त्यासाठी आधी नोंदणी करावी लागते, म्हणून आम्ही दोन गटांत गेलो. बैठकीच्या खोलीत पाऊल टाकल्यावर बोलावेसेच वाटेना. छत हाताला लागेल एवढे खाली, आणि जमिनीपासून छतापर्यंत हिरव्या-तांबूस रंगांची एकेक पाकळी ब्रशने काढलेली. जवळ गेल्यावर कुठे हात किंचित थरथरल्याची रेघही दिसते. चॅपेलमध्ये अशी रेघ इतकी जवळून पाहायला मिळत नाही. कॉलेजच्या छतावर त्याचे नाव नाही. इथे नाव कोरायची गरजच नव्हती.

पारच्या मृत्यूनंतर त्याची बारा वर्षांची नात आजीला सोबत म्हणून या घरात राहायला आली. तिचे लग्न झाले, संसार झाला, आणि पंचाऐंशी वर्षे ती इथेच राहिली. आजोबांच्या भिंतींना तिने रंग लावू दिला नाही. तिच्या वस्तूही घरात तशाच ठेवल्या आहेत. रंगवलेल्या वेलींच्या पुढ्यात तिची साधी खुर्ची आहे, खिडकीला तिचे पडदे आहेत, भिंतीवर कुटुंबाची छायाचित्रे आहेत. मार्गदर्शक बाईंनी आम्हाला छायाचित्रांच्या खिळ्यांकडे पाहायला सांगितले. ते शक्य तिथे फुलांच्या मधल्या मोकळ्या जागेत ठोकलेले होते.